टीबीवर काम करतेस आणि मुलाला घेऊन बाहेर जायचंय म्हणतेस, तर…

तुझा प्रश्न काल रात्री वाचला. ड्रग रेझिस्टंट, म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या, टीबीवर पीएचडी, बाहेरून दोन वर्षांच्या पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या संशोधनाची) ऑफर, नवरा हो म्हणतोय पण मनापासून नाही, मुलगा सहा वर्षांचा, आणि शेवटी "नक्की काय काय तयारी करू?" मी २०१२ साली जवळपास याच अवस्थेत निघाले होते, आजार हाच आणि मुलगाही सहाचाच. त्यामुळे चार ओळी लिहायच्या म्हणून बसले आणि ते लांबलं. एकेरीत बोलतेय, राग मानू नकोस, माझ्या स्टुडंट्सशी मी अशीच बोलते.

व्हिसाला काय लागतं, बँकेत किती दाखवावे लागतात, घर कसं शोधायचं हे मी लिहिणार नाही, ते सगळं सरकारी वेबसाईटवर आहे आणि दर सहा महिन्यांनी बदलतं. जे तिथे नसतं तेवढंच सांगते.

पहिलं म्हणजे ऑफर लेटरमध्ये तू "एम्प्लॉयी" आहेस की "फेलो", ते बघ. फेलोशिप ऐकायला भारी वाटते, पण बऱ्याच ठिकाणी फेलो म्हणजे कर्मचारी नाही, मग पेन्शन नाही, बाळंतपणाची रजा नाही, आणि आजारी पडलीस तर कुणाला विचारायचं हेच कुणाला माहीत नसतं. मी फेलो होते. मला वाटलं मान आहे. दुसरं, दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं नसतात. तुला जिवंत टीबीवर काम करायचं असेल तर बीएसएल-३ लॅब, म्हणजे हवेतून पसरणाऱ्या धोकादायक जंतूंसाठीची बंदिस्त लॅब, लागणार, आणि तू तुझ्याकडे आठ वर्षं बीएसएल-३ मध्ये काढली असलीस तरी तिकडे तुला नवशिकी धरूनच सुरुवात करतात. मेडिकल तपासणी, मास्कचं फिट टेस्टिंग, कुणाच्या तरी देखरेखीखाली इतके तास, मग सही, मग कार्ड. माझं कार्ड हातात आलं तेव्हा साडेचार महिने गेले होते, आणि तोवर मी दुसऱ्यांनी काढलेले जंतूंच्या डीएनएचे सिक्वेन्स बघत बसायचे आणि पीआय, म्हणजे लॅबचे प्रमुख, दर सोमवारी विचारायचे, काही रिझल्ट? तर जायच्या आधीच मेल करून विचार की ट्रेनिंग कधी सुरू होईल, आणि तेवढे महिने कॉन्ट्रॅक्ट पुढे ढकलता येतं का. लाजू नकोस. मी लाजले.

आता सॅम्पल. तू लिहिलंयस की तुझे आयसोलेट्स, म्हणजे पेशंट्सच्या नमुन्यांतून वेगळे काढलेले जंतू, बरोबर नेऊन त्यावरच पुढचं काम करायचा विचार आहे. अगं बाई. पेशंटची थुंकी पाठवायची तर ती बहुतेक कॅटेगरी बी मध्ये, यूएन ३३७३ च्या लेबलवर जाते, पण त्यातले टीबीचे जंतू लॅबमध्ये वाढवलेस, म्हणजे कल्चर केलंस, की ते जास्त धोक्याच्या कॅटेगरी ए मध्ये, यूएन २८१४, म्हणजे वेगळं पॅकिंग, वेगळे कागद, आणि ते उचलायलाच अर्धे कुरियरवाले तयार नसतात. त्याच्या आधी दोन्हीकडच्या एथिक्स कमिटी, देशाबाहेर नमुने न्यायची परवानगी, आणि मटेरियल ट्रान्सफर अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे नमुने देण्याघेण्याचा दोन संस्थांमधला करार. माझ्या वेळी त्यात दोन संस्थांचे वकील एकाच वाक्यावरून चौदा महिने भांडत होते (पुढे पेटंट झालंच तर कोणाचं, आणि पेटंट व्हायची काडीचीही शक्यता नव्हती). सही झाली तेव्हा बॉक्स निघाला आणि कस्टममध्ये अडकला, कारण एका कागदावर माझं नाव लग्नाआधीचं होतं आणि दुसऱ्यावर नंतरचं. ड्राय आइस उणे ७८ अंशाला असतो आणि तो वितळत नाही, नुसता उडून जातो, म्हणून बॉक्स उघडला तेव्हा आत पाणीसुद्धा नव्हतं. कोरड्या खोक्यात बासष्ट ट्यूब, प्रत्येकीवर माझ्याच अक्षरात नंबर. त्यातल्या काही पेशंट्सची नावं मला पाठ होती, त्यातले काही गेले होते.

म्हणून डीएनए काढूनच पाठव. कागद त्यालाही लागतात पण जीव तरी टांगणीला लागत नाही. आणि निघायच्या आधी तुझ्या गाईडबरोबर बसून लेखी ठरव की डेटा कोणाचा, पहिलं नाव कोणाचं, शेवटचं कोणाचं. तोंडी "आपण बघू ना" म्हणणारी माणसं वाईट नसतात, पण पेपर सबमिट करायच्या रात्री त्यांना काहीही आठवत नाही. आणि सगळं एका देशाच्या पैशावर अवलंबून ठेवू नकोस. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा चालू ट्रायल एका झटक्यात थांबले, लोक औषधं घेत होते आणि स्टाफला काम बंद करायचे आदेश आले. तुझी ऑफर ज्या ग्रँटवर आहे तिची मुदत कधी संपते ते विचार, हा प्रश्न आगाऊपणाचा नाही.

बरं, मुलाची शाळा. खरं सांगायचं तर याच्यासाठीच लिहायला बसले असणार.

शाळेत घ्यायच्या आधी टीबीची स्किन टेस्ट करावी लागेल असं सांगितलं. आम्ही जास्त टीबी असलेल्या देशातून आलो होतो, त्यांचा नियम होता, आणि नियम म्हणून तो चूक नव्हता, मी स्वतः तो लिहायला बसले असते तर कदाचित तसाच लिहिला असता. हातावर सुई टोचली, ४८ ते ७२ तासांत बघायला बोलावलं. नर्सने बॉलपेनने कडेची रेघ मारली, पट्टी लावली. अकरा मिलिमीटर. त्यांची मर्यादा दहा. मी म्हटलं याला जन्मल्यावर बीसीजी दिलेली आहे, त्यामुळे ही टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, ही टेस्ट ज्या प्रोटीनच्या मिश्रणाने करतात त्यातलं बरंचसं बीसीजीतही असतं. ती म्हणाली आम्ही बीसीजी धरत नाही. मग मी सुरू झाले. इग्रा, म्हणजे टीबीच्या लागणीची रक्ताची टेस्ट, करा, त्यात इसॅट-६ आणि सीएफपी-१० ही टीबीच्या जंतूची प्रोटीन वापरतात, ती बीसीजीमध्ये नसतातच, अमुक पेपर, तमुक गाइडलाइन. मी एका नर्सला तिच्याच खोलीत उभं राहून लेक्चर दिलं, चांगलं दहा मिनिटं, आणि तेवढा वेळ माझा मुलगा शर्टाची बाही वर करून हात पुढे धरून उभा होता, कारण हात खाली घे असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "आई, मला तुझा आजार झालाय का?"

घरात आम्ही तसंच म्हणायचो ना. आई तिच्या आजाराच्या मीटिंगला गेलीय. आपण संशोधक सगळेच म्हणतो, तुझा कोणता, माझा डेंग्यू, त्याचा कॉलरा.

पुढे एक्सरे झाला, स्वच्छ आला, पण त्यात तीन आठवडे गेले आणि तीन आठवडे तो घरात. तोवर वर्गात कळलेलंच होतं. कुणी सांगितलं ते मला आजही माहीत नाही आणि शाळेने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. एका मुलीच्या आईने तिला त्याच्या शेजारून उठवलं. हे तो मला आठवीत असताना बोलला, तेव्हा नाही.

आणि इग्रा मी हट्टाने करून घेतलीच. रिपोर्ट आला "इंडिटरमिनेट". लहान मुलांमध्ये येतो असा, मी स्वतः शिकवते ते. हो पण नाही, नाही पण नाही. मग आयसोनियाझिड, म्हणजे लागणीचा पुढे आजार होऊ नये म्हणून देतात ते औषध, नऊ महिने रोज द्यायचं का, हे ठरवायचं होतं. माझी स्वतःची इग्रा कधीचीच पॉझिटिव्ह होती, वॉर्डात वर्षानुवर्षं वावरलेल्यांपैकी कितीतरी जणांची असते, एक्सरे कायम साफ, लक्षण एकही नाही, अशा माणसापासून कुणाला लागण होत नाही हे पुस्तकात आहे आणि ते खरं आहे. पहाटे तीनला पुस्तक उपयोगाचं नसतं. दिल्या गोळ्या. नऊ महिने, सकाळी शाळेच्या आधी. लागण होती म्हणून दिल्या की मला झोप लागावी म्हणून, याचं उत्तर कोणत्याही टेस्टमध्ये नाही आणि आता मिळणारही नाही.

एकटेपणाबद्दल तू चार वेळा विचारलंयस. असतो. सहा महिन्यांत सवय होते, लॅबमध्ये सगळेच कुठून कुठून आलेले असतात. नवऱ्याला मात्र स्वतःचं काम लागेल, तुझ्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेला माणूस दोन वर्षं गोड राहत नाही.

मला खरा त्रास झाला तो वेगळ्याच एकटेपणाचा, त्याला काय म्हणतात माहीत नाही. इथे माझ्या आजाराचा माणूसच नाही. फ्रीझरमध्ये टीबीच्या जंतूचे हजारो स्ट्रेन, म्हणजे प्रकार, आहेत, स्क्रीनवर त्यांच्या वंशावळीची झाडं आहेत, पण आठवड्यात खोकणारा एकही माणूस समोर येत नाही. मी आले त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये बेडाक्विलीन या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली, चाळीसहून जास्त वर्षांनी टीबीसाठी पूर्ण नव्या पद्धतीने काम करणारं औषध आलं होतं, लॅबमध्ये टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या, आणि संध्याकाळी माझ्या जुन्या वॉर्डातल्या सिस्टरला कळवलं. तिने विचारलं, आपल्याकडे कधी? मला उत्तर येत नव्हतं. तिथे ते पोचायला कितीतरी वर्षं गेली.

मग कधीकधी वाटतं आपण उलट्या दिशेला आलो. मद्रासचा तो अभ्यास तुला माहीतच असेल, १९५९ चा, टीबीचा पेशंट घरी राहून गोळ्या घेतो तरी सॅनेटोरियममधल्या, म्हणजे टीबीच्या पेशंटना ठेवून घेणाऱ्या खास रुग्णालयातल्या, पेशंटइतकाच बरा होतो आणि घरातल्यांना जास्त धोका होत नाही हे दाखवणारा. जगभरची सॅनेटोरियम बंद पडायला त्याचा मोठा हातभार लागला. त्यासाठी डॉक्टर वॉलेस फॉक्स ब्रिटनहून मद्रासला गेले होते, कारण आजार तिथे होता. त्याच साली शंभुनाथ डे या शास्त्रज्ञाने कलकत्त्यात बसून, सशाच्या आतड्याच्या तुकड्यावर, कॉलराचं विष दाखवून दिलं. दुसऱ्या बाजूला आपले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव, बायकोला मागे ठेवून अमेरिकेत गेले, त्यांच्या हाताखाली डायइथाइलकार्बामेझिन आलं, हत्तीरोगाच्या गोळ्या म्हणून आजही वाटतात ते, आणि ते स्वतः परत कधीच आले नाहीत, १९४८ मध्ये तिकडेच वारले. म्हणजे दोन्ही बाजूंनी पुरावा आहे, तू तुला हवा तो उचल. मी माझ्या सोयीने दोन्ही वापरलेत.

आता मी दर वर्षी एकदा माझ्याच जुन्या साईटवर जाते, "इंटरनॅशनल कोलॅबोरेटर" म्हणून. गळ्यात व्हिजिटर कार्ड असतं. गेल्या वेळी रजिस्ट्रार मुलगी मला वॉर्ड दाखवत होती, मॅडम इथे एन-९५ घाला, इकडून या, ही खिडकी आम्ही उघडी ठेवतो. ती खिडकी मी भांडून करून घेतली होती. मी मास्क घातला आणि मागून गेले.

तर जावं का? जा. मला परत विचारलंस तरी मी जा म्हणेन, इथे जे शिकले ते तिकडे शिकले नसते, आणि तुझं वय बघता नाही गेलीस तर ते वेगळं खुपत राहील. फक्त मुलाचं लसीकरणाचं कार्ड इंग्रजीत, शिक्क्यासकट, बीसीजीची तारीख दिसेल असं घे, शक्य असेल तर निघायच्या आधी तिथेच इग्रा आणि एक्सरे करून दोन्हीचे रिपोर्ट हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनच्या नको. आणि टेस्टला न्यायच्या आदल्या दिवशी त्याला नीट समजावून सांग की ही कशासाठी आहे, पॉझिटिव्ह आली तर त्याचा अर्थ काय आणि काय नाही. तुला हे सगळ्या जगापेक्षा चांगलं सांगता येईल. मला येत होतं, मी सांगितलं नव्हतं.

तो आता एकोणीसचा आहे. मागच्या महिन्यात कसलासा इंटर्नशिपचा फॉर्म भरत होता, हॉस्टेलवरून फोन केला. त्यात ती ओळ होतीच, "कधी टीबीची टेस्ट पॉझिटिव्ह आली होती का?" म्हणाला, आई, हो लिहू ना नेहमीसारखं? मी म्हटलं हो लिही, खाली लिही स्किन टेस्ट, बीसीजी घेतलेली, एक्सरे नॉर्मल, औषध पूर्ण केलं. तो म्हणाला, पाठ आहे गं मला.