चीगाँग करताना मन नेमकं कुठे ठेवायचं?

तुम्ही लिहिलंय की यूट्यूबवर बघून बादुआनजिन, म्हणजे चीगाँग या हालचाल, श्वास आणि लक्ष एकत्र आणणाऱ्या चिनी सरावातला आठ हालचालींचा प्रकार, सुरू केलंय, आठही हालचाली पाठ झाल्यात, पण सगळे सांगतात "लक्ष दानतिएनवर ठेवा, मनाने ची फिरवा" (दानतिएन म्हणजे नाभीखालची जागा, ची म्हणजे आपल्याकडे प्राण म्हणतात तशी शक्ती) आणि तसं करायला गेलं की कपाळ जड होतं, श्वास अडकल्यासारखा वाटतो. मग मनाची भानगड सोडून नुसते हातपाय हलवले तर चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

चालेल, नुकसान काहीच नाही, पण मग तो हलका व्यायाम होतो, चीगाँगमधलं जे खास आहे ते हाती लागत नाही. आणि कपाळ जड होतंय म्हणजे तुम्ही लक्ष देताय ते भुवया आवळून, परीक्षेचा पेपर सोडवताना देतो तसं. ते आधी बदलायला हवं, बाकीचं नंतर.

चिनी शिक्षक पहिल्याच धड्यात तीन गोष्टी सांगतात: शरीर जुळवा, श्वास जुळवा, मन जुळवा. आपण वाचताना असं समजतो की मन म्हणजे काहीतरी वरची, गूढ पायरी आहे, ती शेवटी येणार. प्रत्यक्षात ते पहिल्या मिनिटापासून कामाला लागलेलं असतं. तुम्ही बादुआनजिन करता म्हणून त्यातलीच दुसरी हालचाल घ्या, धनुष्य ओढायची. गुडघे वाकवून बसल्यासारखं उभं राहायचं, एक हात बाजूला लांब जातो, त्याची तर्जनी वर आणि अंगठा ताणलेला, दुसरा हात दोरी ओढल्यासारखा खांद्याशी येतो, आणि नजर त्या तर्जनीच्या पलीकडे लांब कुठेतरी. आता हीच हालचाल समोर मोबाईलकडे बघत करून पहा. खांदे वर चढतात, मान आखडते, पाठ उघडत नाही. मग खरंच लांबचं झाड किंवा समोरच्या बिल्डिंगची गच्ची बघत करा, मान आपोआप वळते, छाती मोकळी होते, खांद्याची पाती कुणी न सांगता मागे येतात. इथे मनाचं काम नजर करते, त्यामुळे त्या वेळी दानतिएन वगैरे आठवायची गरजच नाही. सातव्या हालचालीत मूठ आवळून डोळे वटारायचे असतात, तिथेही तेच. म्हणजे "मन कुठे ठेवू" याचं एकच उत्तर नसतं, प्रत्येक प्रकारात त्याला वेगळं काम दिलेलं असतं आणि बऱ्याचदा ते काम हालचालीच्या नावातच लिहिलेलं असतं.

उभ्याने करायचा झान-झुआंग बघा. यात हालचाल जवळजवळ नाहीच, पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे सैल, हात छातीसमोर गोल करून उभं राहायचं. वांग शियांगझाय (१८८५–१९६३) या मार्शल आर्टच्या गुरूंनी याच उभं राहण्यावर आपली अख्खी पद्धत उभारली आणि त्यांच्या परंपरेत सूचना कशा देतात तर: हातात कागदी फुगा धरलाय, दाबला तर फुटेल, सोडला तर पडेल. किंवा गळ्यापर्यंत कोमट पाण्यात उभे आहात. मला ही पद्धत फार आवडते, कारण कोपर किती अंशात, मनगट कसं, हे सगळं सांगत बसलं तर माणूस लाकडासारखा होतो, आणि फुगा म्हटलं की दोन मिनिटांत हात बरोबर जागेवर. मोटर लर्निंगमधला, म्हणजे शरीर हालचाली कशा शिकतं याच्या अभ्यासातला, एक प्रयोग इथे आठवतो, गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला: स्की सिम्युलेटरवर काहींना आपल्या पायांवर लक्ष द्यायला सांगितलं आणि काहींना पायाखालच्या चाकांवर, तर चाकांवर लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. तो चीगाँगवरचा प्रयोग नाहीये, पण स्नायूंवर पहारा बसवला की ते अडखळतात हे मला उभं राहताना रोज जाणवतं.

बसून करायच्या प्रकारात फुगा नाही आणि धनुष्यही नाही, तिथे मन सगळ्यात जास्त पळतं. ल्यू ग्वेझेन यांचं नाव तुम्ही वाचलं असेल, चीगाँग हा शब्द आज ज्या अर्थाने वापरतात तो रुळवण्यात त्यांचा मोठा हात, १९५५ मध्ये हबेई प्रांतातल्या तांगशानला चीगाँगचं सॅनेटोरियम त्यांच्यामुळे उभं राहिलं. ते जी पद्धत शिकवायचे त्यात श्वासाबरोबर मनात एक वाक्य म्हणायचं असतं. सुरुवातीला तीनच अक्षरं, "मी शांत" अशा अर्थाची, मग वाढवत वाढवत नऊ अक्षरं, "मी स्वतः शांत बसलो की शरीर निरोगी होऊ शकतं" अशा अर्थाची. श्वास घेताना जीभ टाळूला लावायची, मग खाली. ज्यांनी घरात नामस्मरण बघितलंय त्यांना हे लगेच कळेल, मनाला जीभ आणि श्वास दोन्ही धरून ठेवतात, त्याला रिकामं बसवत नाहीत. तुम्ही बसून काही करणार असाल तर "ची फिरवा" यापेक्षा हे शंभर पटीने सोपं आणि सुरक्षित.

आता दानतिएन. नाभीच्या खाली साधारण तीन-चार बोटं, पोटाच्या आत. तिथे लक्ष ठेवा म्हणतात, पण किती ठेवायचं हे व्हिडिओवाले सांगत नाहीत आणि तुमची अडचण नेमकी तिथेच आहे. जुनी सूचना आहे, विसरू नका आणि मदतही करू नका. ती मेन्सियसकडून आलेली, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातला चिनी विचारवंत. त्याची गोष्ट अशी की सोंग राज्यातल्या एका शेतकऱ्याला वाटलं रोपं वाढतच नाहीयेत, म्हणून त्याने एकेक रोप थोडं थोडं वर ओढलं आणि थकून घरी येऊन म्हणाला, आज मी रोपांना वाढायला मदत केली. मुलगा धावत शेतात गेला तर सगळी रोपं वाळलेली. तुम्ही पोटात ची ढकलायला बघता तेव्हा हेच होतं, श्वास नकळत रोखला जातो, पोट कडक होतं, जबडा आवळतो आणि दहा मिनिटांनी डोकं जड. पोट श्वासाबरोबर वर-खाली होतंय एवढं माहीत असलं की झालं. मन गेलं कुठे तर जाऊ दे, कळलं की परत या, ओढत आणू नका.

तळहातात मुंग्या, गरमपणा, हे जाणवलं तर खूश होऊन त्याच्या मागे लागू नका, आणि नाही जाणवलं तर नाराजही होऊ नका. आत्ता वाचता वाचता एका हाताच्या बोटांवर मिनिटभर लक्ष द्या, काही ना काही होतंय असं वाटेलच. लक्ष दिलं की संवेदना वाढते, ही शरीराची रीतच आहे. कुणी त्याला ची म्हणतं, कुणी नाही, सरावाला त्याने फरक पडत नाही असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. १९८० च्या दशकात चीनमध्ये चीगाँगची प्रचंड लाट आली होती, तेव्हा तासन्‌तास जोर लावून सराव करणाऱ्या काही लोकांना भास होणं, भीती बसणं, झोप उडणं असे त्रास झाले, डॉक्टरांपर्यंत गेले. १९९४ मध्ये आलेल्या अमेरिकेच्या डीएसएम-४ मध्येही, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या पुस्तकाच्या चौथ्या आवृत्तीत, चीगाँगनंतरच्या सायकॉटिक रिअॅक्शनची (वास्तवाचं भान सुटण्याची) नोंद होती. म्हणून पाठीच्या कण्यातून ची वर चढवायचे व्हिडिओ बघून एकट्याने प्रयोग नकोत, त्यात कुंडलिनीचं वाचलेलं मिसळणं तर अजिबात नको, आणि पूर्वी मानसिक आजाराचा त्रास झाला असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

तुमच्यापुरतं सांगायचं तर काही आठवडे दानतिएन विसरा. उभं राहिलात की लक्ष तळपायात जाऊ द्या, बोटं आत वळवल्यावर तळव्याच्या पुढच्या भागात जिथे खळगा पडतो तिथे, त्याला योंगच्वान म्हणतात. जमीन पायाला कशी लागतेय, वजन टाचेवर आहे की पुढे, एवढंच बघा. डोळे अर्धे उघडे, जीभ टाळूला हलकी टेकलेली, श्वास मोजायचा नाही. मध्येच कपाळ जड वाटलं तर थांबा, डोळे पूर्ण उघडा, घरातल्या घरात चार पावलं चाला, त्या दिवशी पुढे करू नका. आणि सराव नसतानाही डोकं जड राहत असेल तर बीपी एकदा चेक करून घ्या, सगळं चीगाँगच्या माथी मारू नका. संपवताना दोन्ही तळहात पोटावर ठेवून थोडा वेळ नुसतं उभं राहायचं, मग हात चोळून चेहऱ्यावर फिरवायचे, हा भाग लोक घाईत गाळतात आणि लगेच मोबाईल उचलतात, तो गाळू नका. हालचाली करताना हळू वाद्यसंगीत लावलं तर चालतं, पॉडकास्ट किंवा बातम्या मात्र नको, कारण शब्द आले की मन तिकडेच जाणार.