त्या तीन काळ्या पाखरांबद्दल

प्रिय चिऊ,

शनिवारी एडिनबराच्या किल्ल्याखालच्या दुकानात की-चेनचा तो फिरता स्टँड गरागरा फिरवून तू आपलं आडनाव शोधून काढलंस. इंग्रजीत लिहिलं की आपलं ‘मोरे’ आणि इथल्या लोकांचं ‘मोर’ अगदी सारखंच दिसतं. खाली पांढरी ढाल, तिच्यावर तीन काळी पाखरं. "बाबा, हे आपलं आहे?" मी घाईत होतो. "नाही गं, आपल्याकडे असलं काही नसतं," म्हणून मोकळा झालो. तू ते मुकाट्याने परत अडकवलंस. मग बसमध्ये खिडकीकडे बघत म्हणालीस, "सोमवारी वर्गात सगळे आपापल्या घराण्याचं चिन्ह काढून आणणार आहेत. आपल्याला नाही, म्हणजे आपण तेव्हा कुणीच नव्हतो का?"

ते ‘कुणीच’ मला लागलं. दोन रात्री डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय. मराठी वाचताना अडलीस तर आईला विचार.

आधी ती पाखरं. १५३५ साली इंग्लंडच्या राजाने ज्यांचं डोकं उडवलं, त्या टॉमस मोर या त्याच्या माजी मंत्र्याच्या ढालीवर ती आहेत. इथल्या ओसाड माळाला इंग्रजीत जे म्हणतात त्याचा उच्चार मोरच्या जवळचा, आणि त्या माळावरचा हा पक्षी. आडनावाच्या आवाजावरून चिन्ह घ्यायची त्यांच्यात रीत होती. पण ती ढाल सगळ्या ‘मोर’ लोकांची नव्हे. इथे ढाल आडनावाची नसते, एका माणसाची असते. आपल्या एडिनबरातच लॉर्ड लायन नावाचा अधिकारी १६७२ पासूनची नोंदवही सांभाळतो. ज्याच्या नावावर ढाल त्याचीच, त्याच्यामागे थोरल्या वारसाची. धाकट्यांना चित्रात थोडा फरक करून घ्यावा लागतो. तुझ्या मैत्रिणीच्या आजोबांच्या टोपीवर बिल्ला आहे ना, त्याच्याभोवती पट्टा आणि बक्कल आहे बघ. चिन्ह कुळाच्या प्रमुखाचं, मी त्याचा माणूस, असा त्या पट्ट्याचा अर्थ.

आता आपलं. मी ‘नसतं’ म्हणालो ते खरं नव्हतं, चिऊ. आपल्याला देवक आहे, म्हणजे लग्नात पुजायचं कुळाचं चिन्ह. मोराचं पीस.

मी तुझ्याएवढा असताना वर्गातली सगळी पोरं पुस्तकात मोरपीस ठेवायची. खडूची पूड खायला घातली की त्याला पिल्लू होतं, असं आम्ही मानायचो. मीही कुणाकडून तरी एक आणलं. माईने, म्हणजे माझ्या आजीने, ते दप्तरात बघितलं आणि पदरात धरून देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. "आपलं देवक आहे ते, खेळायचं नाही." मला रडू आलं होतं. सगळ्यांना चालतं, मलाच का नाही? आज तू विचारतेस ते नेमकं याच्या उलटं आहे.

मग बाळूकाकाचं लग्न निघालं. आदल्या दिवशी देवक बसवायचं, आणि ट्रंकेतलं पीस कसरीने खाल्लेलं. नुसती काडी हातात आली. घरात पाहुणे, दारात वाजंत्री, मारुतीच्या देवळाकडे निघायची वेळ. माईने मला पिटाळलं, खालच्या आळीत सकाळी वासुदेव आला होता, त्याला गाठ. मी वेशीपर्यंत अनवाणी पळालो. त्या म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर घेतली, बोटांनी पिसं चाचपली आणि मधलं एक, डोळा शाबूत असलेलं, हळूच उपसलं. पैसे घेईना. माईने मागाहून सूपभर ज्वारी पाठवली. ते पीस दोन्ही हातांत धरून मी वाजंत्र्यांपुढे चाललो. तेव्हा आपण कुणीच नाही, असं माझ्या मनातही आलं नाही.

‘मोरे’वरून मोर, त्यांच्यासारखंच. फरक एवढाच की हे कुणा एकाच्या नावावर नाही. भावकीतल्या सगळ्यात गरीब घराच्या मांडवातही तेच पीस. भिंतीवर मात्र लावत नाहीत. लग्नात बाहेर येतं आणि परत आत जातं, म्हणून तुला ते कधी दिसलं नाही.

आपण राजे होतो का, हेही तुला हवंय. तात्या सांगायचे, आपण जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांपैकी. कागद एकही नाही. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ती याच मोऱ्यांकडून, त्यामुळे शाळेत तो धडा आला की मी मान खाली घालून बसायचो. ढालीची चित्रं आपल्याकडच्या राजांना इंग्रजांनी दिली, १८७७ च्या दिल्ली दरबारात, रेशमी झेंड्यांवर. रॉबर्ट टेलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती आखली होती. महाराजांच्या अष्टकोनी मुद्रेवर तर चित्रच नाही, नुसती अक्षरं. ढाल नसली म्हणजे कुणी नव्हतो, असं होत नाही.

पण मला सगळंच गोड करून सांगायचं नाही. देवक एक असलं की ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. आपल्या अक्काचं एका ठिकाणी ठरत आलं होतं. आडनाव वेगळं, मुलगा तिला पसंत. बैठकीत देवकाचा विषय निघाला आणि त्यांचंही मोराचं पीस. पानसुपारी तशीच राहिली, माणसं उठली. अक्का चुलीपुढे बसून भाकरी थापत राहिली, एक करपली तरी तिला कळलं नाही. ते मला अजून पटत नाही. तू मोठी झालीस की तुला मी तुझं देवक विचारायला लावणार नाही. तरी त्या पिसावर पाय पडला तर मी आजही वाकून नमस्कार करीन. दोन्ही खरं आहे, आणि ते एकत्र कसं बसवायचं हे मला अजून साधलेलं नाही.

माझ्या कपाटात दुसऱ्या खणात कापसात गुंडाळलेला खंडोबाचा टाक आहे. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर घोडा, घोड्यावर देव आणि म्हाळसा. चार पिढ्यांनी रांगोळीने घासून घासून तोंडं पुसट झालीत, घोड्याचा पाय तेवढा बोटाला लागतो. मी थोरला म्हणून तो माझ्याकडे आला. धाकट्या काकाने वेगळं झाल्यावर सोनाराकडून नवा घडवून जेजुरीला भेटवून आणला. हात धुऊन घे आणि बघ.

सोमवारच्या कागदावर काय काढायचं ते तूच ठरव. पीस काढलंस तर डोळ्याचा निळा आधी भर, मग भोवतीचा तपकिरी, नाहीतर रंग एकमेकांत उतरतात. आणि ती तीन पाखरं अजून आवडत असतील तर शनिवारी जाऊन ते की-चेन घेऊन येऊ.

बाबा