कॉबलर वरून खरपूस, खाली पीठच!

प्रश्न : ताई नमस्कार, गेल्या आठवड्यात महाबळेश्वरहून परत येताना पाचगणीत दोन किलो स्ट्रॉबेरी घेतली, सांगलीत पोचेपर्यंत खालची निम्मी मऊ पडलेली, मग मुलगी म्हणाली आई कॉबलर (फळं आणि पिठाचा ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ) करू, एकदम सोप्पं असतं. स्ट्रॉबेरीला साखर लावून दोन तास ठेवली, पीठ भिजवलं, सगळं एकत्र कालवून ओटीजीत २२० वर ठेवलं. वीस मिनिटांत वरून मस्त लाल झालं म्हणून काढलं आणि चमचा घातला तर खाली कच्चं पीठ आणि गुलाबी पाणी! सासूबाई म्हणाल्या शिऱ्यात घातली असती तर बरं झालं असतं. कुठं चुकलं?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सासूबाईंचं म्हणणं मनावर घेऊ नका, माझंही पहिलं कॉबलर असंच झालेलं आणि आम्ही ते वाटीत घेऊन पिलं, खाल्लं नाही!

अहो, स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, त्यात साखर लावून दोन तास ठेवली की ते सगळं बाहेर येणार, कैरीला मीठ लावल्यावर येतं तसंच. ते पाणी तुम्ही पिठात कालवलंत, मग पीठ शिजणार कसं? साखर ऐनवेळी लावायची, आणि लावून ठेवलीच असेल तर सुटलेला रस गाळून बाजूला काढा, दुधात किंवा सरबतात चालतो.

आता माझं माप सांगते. स्ट्रॉबेरी अर्धा किलो, देठ काढून मोठे तुकडे, त्याला दोन चमचे साखर, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि अर्ध्या लिंबाचा रस. मैदा १२५ ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, दूध साधारण २०० मिली, आणि बटर ८० ग्रॅम. बटर खारं असेल तर वेगळं मीठ घालू नका. ओव्हन १८० वर आधी तापवून घ्या, बटर भांड्यातच टाकून ओव्हनमध्ये वितळवा, त्यावर पीठ ओता (भज्याच्या पिठापेक्षा किंचित सैल), त्यावर फळं पसरा आणि मग हात बांधून उभ्या राहा. ढवळायचं नाही! मला पण आधी पटत नव्हतं, फळं वर आणि पीठ खाली हे उलटंच वाटतं, पण बेकिंग पावडरने पीठ फुगून वर येतं आणि जड फळं आपोआप खाली बसतात, ही तर त्यातली सगळी गंमत आहे. कालवलं की पीठ फळांच्या रसात भिजून पडतं, फुगत नाही.

आणि २२० नको हो, वरचा रॉड पहिल्या वीस मिनिटांत वरचं करपवतो आणि मध्ये काहीच पोचत नाही. १८० वर ४० ते ४५ मिनिटं. रंगावर जाऊ नका, कडेने रस खदखदून बुडबुडे आले पाहिजेत आणि मधोमध पिठाच्या भागात सुरी घातली तर ती कोरडी निघाली पाहिजे. रस खदखदल्याशिवाय कॉर्नफ्लोअर घट्ट होतच नाही, म्हणून लवकर काढलं की पाणी राहतं. वरून लवकर लाल व्हायला लागलं तर फॉइल झाका. बाहेर काढल्यावर वीस मिनिटं हात लावायचा नाही, तेवढ्यात रस आळतो. काचेचं भांडं असेल तर ओल्या ओट्यावर ठेवू नका, तडकतं.

अजून एक, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय (त्या भागाच्या नावाचं सरकारी मानांकन) मिळालं तेव्हापासून साताऱ्यात प्रत्येक गाडीवाला तेच नाव सांगतो, असू दे, पण कॉबलरला मोठी देखणी बॉक्समधली कशाला? बारकी, जरा आंबट घ्या, तीच शिजल्यावर चवीला लागते. मऊ पडलेली चालते, पण बुरशी दिसली तर ते फळ टाकूनच द्या, कापून वापरत बसू नका.

प्रश्न : ओव्हन नाही, कढईत होईल का?
– कराडहून एक ताई

उत्तर : होतं की. जाड कढईत मिठाचा थर, वर रिंग, झाकून दहा मिनिटं तापवा, मग स्टीलच्या डब्यात वरच्यासारखंच सगळं लावून मंद-मध्यम गॅसवर पाऊण ते एक तास. काचेचं भांडं कढईत नको. झाकणाला आतून फडकं लावा नाहीतर वाफेचं पाणी टपटप परत पिठावर पडतं, फडक्याची टोकं वर घेऊन गाठ मारा, गॅसजवळ लोंबता कामा नये. वरून खरपूस होणार नाही हे आधीच सांगते, फिकटच राहतं, चवीला काही फरक नाही, वर साय घाला.

प्रश्न : आमच्याकडे तासगावात द्राक्षंच द्राक्षं, त्याचं करू का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : करा, पण नुसत्या हिरव्या द्राक्षांचं फार गोडमिट्ट आणि पाणचट होतं, मी करून बघितलंय. बिनबियांची काळी घ्या, अर्धी कापा, पिठातली साखर निम्मी करा, लिंबू जास्त पिळा आणि मूठभर बेदाणे टाका, तुमच्याकडे ते काय कमी आहेत होय, सुटलेला रस तेच पिऊन टाकतात आणि टपोरे होतात.