ॲप कुणाच्या अकाउंटवर जाणार, हे आधी विचारा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून जरा लांबलचक लिहिते. वॉटर फिल्टर बसवणं आणि त्यांची देखभाल हा तुमचा व्यवसाय, चौकशा आता बहुतेक फोनवरूनच येतात, म्हणून ॲप काढायचा विचार आहे. एका एजन्सीचं कोटेशनही आलंय आणि त्यात एक ओळ आहे: 'पब्लिशिंग आमच्या अकाउंटवरून करू, तुम्हाला काही करावं लागणार नाही.' अँड्रॉइड आधी की आयफोन, कुठली टेक्नॉलॉजी, हे तुम्ही विचारून घ्यालच. मला त्या एका ओळीबद्दल, म्हणजे ॲप स्टोअरवर टाकण्यासाठी लागणारं डेव्हलपर अकाउंट कुणाचं, याबद्दल बोलायचंय, कारण आमच्या कोटेशनमध्ये जवळपास हीच ओळ होती.

आमचं काम ऑफिसांना स्टेशनरी आणि टोनर पुरवण्याचं. ॲप छान चाललं होतं. ठरलेले ग्राहक 'मागची ऑर्डर पुन्हा' हे बटण दाबायचे आणि काम व्हायचं. पुढे एजन्सीबरोबरचा करार संपला, आम्ही दुसरा डेव्हलपर घेतला आणि ॲप आमच्या अकाउंटवर ट्रान्सफर करून द्या म्हटलं. ही सोय गुगल प्लेवर आहे, ॲपलकडेही आहे. रेटिंग, रिव्ह्यू, आधीचे युजर सगळं सोबत येतं, ग्राहकाला पत्ताही लागत नाही. पण ट्रान्सफर सुरू करायची ती ज्याच्या अकाउंटवर ॲप आहे त्यानेच. तिथेच सगळं अडलं. आधी 'टीम बघतेय', मग 'अकाउंटवर इतर क्लायंटचीही ॲप्स आहेत, ॲक्सेस देता येणार नाही' (ॲक्सेस आम्ही मागितलाच नव्हता), आणि नंतर मेलला उत्तरच नाही. पैसे पूर्ण चुकते केलेले, सोर्स कोड (ज्यातून ॲप तयार होतं तो मूळ प्रोग्रॅम) आमच्या हातात. पण नुसता कोड घेऊन करायचं काय? दुसऱ्याच्या अकाउंटवरच्या ॲपला आपण अपडेट देऊ शकत नाही. तेच पॅकेज नेम (स्टोअर ॲपला ज्यावरून ओळखतं ते त्याचं एकमेव नाव) घेऊन आपल्या अकाउंटवर ॲप चढवताही येत नाही. ते नाव एकदा वापरलं की अडकलं.

त्यात गुगल प्लेची अट अशी, की ॲप अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्तीला धरून अपडेट होत राहिलं पाहिजे. फार मागे पडलं, तर नवीन अँड्रॉइड असलेल्या फोनवर ते नव्या ग्राहकाला स्टोअरमध्ये दिसतच नाही. आमचं नेमकं तेच झालं. लोक नवे फोन घेतायत म्हणून ॲप काढलं होतं, आणि नवा फोन घेतलेले लोकच 'तुमचं ॲप सापडत नाही' म्हणून कॉल करायला लागले.

शेवटी नव्या पॅकेज नेमने ॲप टाकलं. रेटिंग शून्यापासून. जुन्या ॲपवरच्या ग्राहकांना नोटिफिकेशन पाठवून कळवावं म्हटलं, तर ज्यातून नोटिफिकेशन जातात त्या गुगलच्या फायरबेस सेवेचा प्रोजेक्टही एजन्सीच्याच मेल आयडीवर. फक्त जुन्या ॲपच्या होम स्क्रीनवरचा बॅनर आमच्या सर्व्हरवरून येत होता, तेवढाच धागा हाती राहिला होता. त्या चित्राच्या जागी 'नवीन ॲप इथून घ्या' असं चित्र लावलं आणि बाकीच्यांना एकेक करून फोन केले. तरी बरेच जण गेले ते गेलेच. आजही आठवलं की संताप होतो, कारण हे सगळं एजन्सीच्या बाजूने एक विनंती पाठवण्याचं काम होतं.

म्हणून कोटेशनवर सही करण्याआधी स्वतःचं अकाउंट उघडा. गुगल प्लेची फी एकदाच २५ डॉलर, ॲपलची वर्षाला ९९ डॉलर. ॲपलचं नूतनीकरण चुकलं तर ॲप स्टोअरवरून उतरतं, तेव्हा ती तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. अकाउंट कंपनीच्या नावानेच काढा. त्यासाठी कंपन्यांची माहिती ठेवणाऱ्या डन अँड ब्रॅडस्ट्रीट या संस्थेचा नऊ अंकी डी-यू-एन-एस क्रमांक लागतो आणि त्यातलं नाव-पत्ता तुमच्या नोंदणीच्या कागदांशी तंतोतंत जुळावा लागतो. यात वेळ जातो, त्यामुळे हे काम डिझाइनच्याही आधी सुरू करा. वैयक्तिक अकाउंट लवकर उघडतं हे खरं, पण प्लेवरच्या नव्या वैयक्तिक अकाउंटला प्रोडक्शनआधी, म्हणजे ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी, किमान १२ टेस्टर घेऊन सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टिंग (निवडक लोकांकडून चाचणी) करावं लागतं. एजन्सीला तुमच्या कन्सोलमध्ये (अकाउंट सांभाळायच्या पानावर) युजर म्हणून घ्या आणि लागतील तेवढ्याच परवानग्या द्या. फायरबेस, सर्व्हर, डोमेन, पेमेंट गेटवे, ॲपमध्ये नकाशा दाखवायला लागणारी मॅपची की, सगळं कंपनीच्या मेल आयडीवर हवं. कुणा कर्मचाऱ्याच्या खाजगी मेलवर तर मुळीच नको.

साइनिंग कीची, म्हणजे अपडेट खरंच आपलंच आहे हे पटवणाऱ्या डिजिटल किल्लीची, धास्ती आता थोडी कमी झालीय. ऑगस्ट २०२१ पासून प्लेवर नवी ॲप्स ॲप बंडल नावाच्या फाइलच्या रूपात जातात आणि साइनिंग की गुगलकडे राहते, त्यामुळे आपल्याकडची अपलोड की (ॲप गुगलकडे पाठवताना लागणारी वेगळी किल्ली) हरवली तर ती रीसेट करून मिळते. पूर्वी की हरवली की त्या ॲपचे अपडेट कायमचे बंद.

आता मूळ प्रश्न, ॲप हवंच का. वेबसाइटवरच्या भेटी मोजणाऱ्या स्टॅटकाउंटर या कंपनीच्या मोजणीत ऑक्टोबर २०१६ मध्ये जगभरातला मोबाइल आणि टॅबलेटवरचा इंटरनेट वापर डेस्कटॉपच्या पुढे गेला. एजन्सीवाले असले आकडे हमखास दाखवतात. पण ही मोजणी वेबसाइटवरच्या भेटींची आहे, ॲपची नाही. त्यातून मोबाइलवर नीट चालणारी वेबसाइट हवी एवढं नक्की ठरतं. ॲप ठरतं ते ग्राहक किती वेळा परत येतो त्यावरून. तुमच्याकडे फिल्टर बदलण्याची तारीख, सर्व्हिसचा इतिहास, तंत्रज्ञ कधी येणार, हे सगळं आहे, म्हणून माझ्या मते तुम्हाला ॲप शोभतं. वर्षातून एकदाच येणाऱ्या ग्राहकासाठी मी काढलं नसतं. आणि वेबसाइटच गुंडाळून ॲप म्हणून देणार असतील तर सरळ नाही म्हणा, ॲपल अशी ॲप्स रिव्ह्यूमध्ये परत पाठवतं.

आणखी एक. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी मागावी लागते, आयफोनवर ती आधीपासूनच लागते. ॲप उघडताक्षणी ती मागू नका. पहिली सर्व्हिस बुक झाली की 'तंत्रज्ञ निघाला की कळवू का?' असं विचारा, तेव्हा लोक हो म्हणतात. कॉन्टॅक्ट्सची परवानगी तर मागूच नका, तुम्हाला ती कशाला लागते? कमिशनची काळजीही नको. स्टोअरचं कमिशन डिजिटल वस्तूंवर असतं, प्रत्यक्ष घरी येऊन दिलेल्या सेवेचं पेमेंट नेहमीच्या गेटवेने घेता येतं.

मी वकील नाही आणि स्टोअरचे नियम सारखे बदलतात, तेव्हा अकाउंट उघडायच्या दिवशी त्यांची अधिकृत पानं वाचून घ्या. एजन्सीला ती ओळ बदलून मागा: ॲप क्लायंटच्या अकाउंटवरून प्रकाशित होईल आणि करार संपल्यावर सर्व ॲक्सेस क्लायंटकडे राहील. सुधारलेला मसुदा आला की ते कलम इथे टाका, मी वाचून सांगते.