आधी पान बघ, मग वाच

जुन्या कॉमिक स्ट्रिप्स वाचायच्यात ना? मग विन्सर मकेच्या ‘लिटल निमो’पासून सुरू कर. निमो नावाच्या पोराच्या स्वप्नांची ही स्ट्रिप १९०५ पासून न्यूयॉर्क हेराल्ड या वर्तमानपत्रात दर रविवारी अख्खं पानभर, रंगीत यायची. मोबाइलवर एकेक चौकट सरकवत बसू नकोस. पूर्ण पान एकदम डोळ्यांसमोर हवं. १९०८ मधला चालत्या पलंगाचा भाग शोध. पलंगाचे पाय लांबत जातात तशा चौकटीही उंच होतात, आणि शेवटी निमो धप्पकन जमिनीवर! संवाद मात्र रटाळ, फुग्यांत कोंबलेले. खुशाल गाळ.

नंतर जॉर्ज हेरिमनची ‘क्रेझी कॅट’. उंदीर वीट मारतो, मांजराला ते प्रेम वाटतं. पुन्हा पुन्हा तेच. सुरुवातीला कंटाळशील. तेव्हा मागचं वाळवंट बघत जा. चौकट बदलली की तेही बदललेलं असतं.