डिस्क ‘पास्ड’ म्हणाली तरी आधी प्रत काढा

देवगडकर भाऊ, प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: पॅकिंगच्या पडवीतला लिनक्स मिंटवाला डेस्कटॉप, त्यात १ टीबीची जुनी डिस्क. तिच्यावर सात हंगामांचे आंब्याचे हिशेब, गिऱ्हाइकांचे पत्ते आणि कुणाकडे किती पेट्यांची बाकी ते. मृगाचा पाऊस लागल्यापासून मशीन मध्येच गोठतं, फायली ‘रीड-ओन्ली’ होतात, रीस्टार्ट केलं की एफएससीके (फायलींची मांडणी तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवायला सांगतं. डिस्क स्वतःच्या तब्येतीचे जे आकडे ठेवते त्यांची, म्हणजे ‘स्मार्ट’ची, यादी तुम्ही सोबत दिलीय, तिच्यात तब्येत मात्र ‘पास्ड’ दिसते. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून विंडोज टाका. तुम्ही विचारताय, एफएससीके चालवू का?

नका चालवू. आणि हे त्याच मशीनवर वाचत असाल तर ते आत्ता बंद करा, पुढचं मोबाइलवर वाचा.

एफएससीके फाइल सिस्टिमचा, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे त्या नोंदवहीचा, हिशेब जुळवतं. डिस्क धड आहे असं ते धरूनच चालतं. सेक्टर (डिस्कवरचा माहितीचा छोटा कप्पा) वाचता आला नाही तर तिथली नोंद खराब आहे असं समजून ते खोडतं, जोडतं, आणि हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहितं. मी हे शिकलो ते साडूच्या फोटो स्टुडिओच्या डिस्कवर. रात्री एफएससीके -वाय (प्रत्येक प्रश्नाला आपोआप ‘हो’) लावून झोपलो. सकाळी फाइल सिस्टिम एकदम ‘क्लीन’, आणि लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये हजारो फायली, नावाच्या जागी नुसते आकडे. त्यातून लग्नांचे अल्बम वेगळे करता करता गणपती आले. साडू अजून चहाला बोलावतो, पण डिस्क दाखवत नाही.

आता तुमचे आकडे. ‘पास्ड’ या शब्दाला फार किंमत देऊ नका. कंपनीने ठरवलेली शेवटची पातळी डिस्कने अजून ओलांडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. गूगलच्या इंजिनिअरांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला होता. त्यात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांवर स्मार्टच्या चार ठळक खुणांपैकी एकही नव्हती. उलट, पहिली स्कॅन एरर (डिस्क स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) दिसली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता बिनएररच्या डिस्कपेक्षा ३९ पट निघाली. म्हणजे खूण नसली तरी भरवसा नाही, आणि असली तर मग थांबायचंच नाही.

तुमच्या यादीतला शेवटचा, ‘रॉ’ नावाचा रकाना बघा. आधीचे १००, २०० हे आकडे गुणांसारखे असतात, वरून खाली उतरतात. त्यांच्याकडे बघून बरेच जण उगाच खूश होतात, नाहीतर उगाच घाबरतात. तसंच, सीगेटची डिस्क असेल तर पहिल्या ओळीतला रॉ आकडा कोटींत दिसतो. तो त्यांच्या मोजण्याच्या पद्धतीचा भाग आहे, त्यासाठी झोप घालवू नका.

तुमच्याकडे ५ क्रमांकाला ४८, १९७ आणि १९८ ला ३१२, १९९ ला १९०६. पाच म्हणजे डिस्कने स्वतःच बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर, आणि तुमचे हिशेब अडकलेत ते बहुधा यांच्यातच. त्या जागेवर नवीन काही लिहिलं की हा आकडा कमी होतो, म्हणून फॉरमॅट मारल्यावर डिस्क ‘बरी झाल्यासारखी’ वाटते. दुकानदार खोटं बोलत नाही, पण त्याची डिस्क बरी होते आणि तुमची उधारी बुडते. नवव्या ओळीत ३१,००० तास आहेत, म्हणजे साडेतीन वर्षं अखंड चाललेली डिस्क. हे वय काही फार नाही.

मला खरी गंमत वाटली ती १९९ ची. तो आकडा डिस्कच्या आतल्या, माहिती साठवणाऱ्या तबकडीचा नाही, डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेचा आहे: सॅटा केबल, तिची टोकं, पोर्ट. तुमची पडवी खाडीला लागून. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, पापड सादळतात, कपाटातल्या चपलेवर बुरशी येते, तिथे तांब्याच्या त्या बारीक पट्ट्या कोरड्या कशा राहतील? माझ्याकडे ‘डिस्क गेली’ म्हणून आलेल्या किती तरी मशीनांत डिस्क ठणठणीत निघाली आणि केबलचं टोक काळं-हिरवं. तुमच्या बाबतीत दुर्दैवाने दोन्ही आहे.

कुठला बिघाड कुठला, हे कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः सांगतं. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना रोमन, सगळी लहान अक्षरं.) लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून मिंट डिस्कशिवाय थेट चालतं) मशीन चालू करून ‘सुडो डीमेसेज’ (रोमनमध्ये dmesg) बघा. एररच्या ओळीत ‘यूएनसी’ असेल तर सेक्टर वाचता आला नाही, म्हणजे तबकडी किंवा हेड (तबकडी वाचणारं टोक). ‘आयसीआरसी’ असेल तर वाटेत गडबड, म्हणजे केबल. लिंक पुन्हापुन्हा ‘रीसेट’ होत असेल तर केबलबरोबर वीजजोडही तपासा. पॉवर सप्लायच्या जुन्या चार पिनांवरून सॅटा काढणारं स्वस्त जोडतुकडं मध्ये असेल तर ते आधी काढून फेका.

म्हणून प्रत काढण्याआधी एक काम करा. मशीन बंद, प्लग भिंतीतून बाहेर. नवी सॅटा केबल आणा, ती शंभर-दोनशे रुपयांची वस्तू आहे. डिस्कच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने हलक्या हाताने पुसा, सुकू द्या, मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट वापरा. १९९ चा आकडा खाली कधीच येत नाही, पण १९०६ वरच थांबला तर वाट साफ झाली. वाढतच राहिला तर इथे सांगा, पुढे जाऊ नका.

डिस्क लयीत टक्-टक् करत असेल आणि फिरून थांबत असेल तर मात्र यातलं काहीच नको. ते हेडचं काम, मुंबई-पुण्याच्या क्लीन रूमवाल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. आणि कुणी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायला सांगेल, त्याला हात जोडा. फ्रीजमधून काढलेल्या कोकम सरबताच्या बाटलीला आपल्याकडे किती घाम फुटतो ते आठवा. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, तिथे एक थेंब पुरतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या कितीतरी डिस्क लोकांनी उन्हात वाळवून चालू करून पाहिल्या. साध्या डिस्कला हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, पुराचं पाणी त्यातूनच आत जातं, आणि वाळलं की मागे गाळ राहतो. भिजलेली डिस्क वाळवायची नाही, चालू करायची नाही, तशीच ओली पिशवीत बंद करून तज्ज्ञाकडे द्यायची.

तुम्ही टक्-टक् लिहिलेलं नाही, म्हणून घरी करता येईल असं धरतो.

प्रतीसाठी दुसरी डिस्क लागेल, २ टीबीपेक्षा मोठी घ्या, पुढे प्रतीची प्रतही तिच्यावर मावली पाहिजे. ती एक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) ने फॉरमॅट करा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि अर्ध्या वाटेत हे कळलं की फार राग येतो. मग ‘जीडीडीरेस्क्यू’ हे पॅकेज टाका. डेबियन, उबंटू, मिंटमध्ये पॅकेजचं नाव हे, आज्ञा मात्र ‘डीडीरेस्क्यू’. साधं डीडी वापरू नका, ते पहिल्या खराब सेक्टरला अडून बसतं. डीडीरेस्क्यू आधी सोपं तेवढं उचलतं, अवघड जागा सोडून पुढे जातं आणि कुठे काय राहिलं ते मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं. मासे निवडताना आधी मोठे बाजूला काढतो, काटेरी बारीक शेवटी, तसं.

एक अपवाद. हिशेबांचा फोल्डर दोन-तीनशे एमबीचा असेल आणि डिस्क अजून माउंट होत (म्हणजे फायलींसाठी उघडत) असेल तर आधी तेवढाच उचला, पण ‘माउंट -ओ आरओ,नोलोड’ असं करून. नुसतं ‘आरओ’ पुरत नाही, एक्सटी४ रीड-ओन्ली माउंट करतानाही जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) चालवून डिस्कवर लिहू शकतं. एखादी फाइल अडकली की तिथेच सोडा, पुन्हापुन्हा डबल-क्लिक करू नका. मग फोल्डर बंद करून अनमाउंट.

आता लक्ष इथे द्या. ‘एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सीरियल’ चालवून कुठली डिस्क कुठली ते कागदावर लिहा. एसडीए, एसडीबी ही लिनक्स डिस्कांना देतं ती नावं, कालची एसडीए आज एसडीबी होऊ शकते. मी आजारी डिस्कला लाल दोरा बांधतो आणि सीरियलचे शेवटचे चार अंक मोठ्याने वाचतो. घरचे हसतात, हसू द्या. स्रोत आणि प्रत यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क तुमच्या सात हंगामांवर लिहिली जाईल.

पहिली फेरी, नव्या डिस्कच्या फोल्डरमध्ये उभं राहून: ‘सुडो डीडीरेस्क्यू -डी -एन /डेव्ह/एसडीए आंबा.आयएमजी आंबा.मॅप’. एसडीएच्या जागी तुमच्या आजारी डिस्कचं कागदावरचं नाव घाला. आंबा.आयएमजी ही डिस्कची पूर्ण प्रत, म्हणजे इमेज. -एन म्हणजे खराब जागा खरवडत बसू नको. ती संपली की दुसरी: तीच आज्ञा, तीच मॅप फाइल, फक्त -एन ऐवजी -आर३, म्हणजे खराब जागी आणखी तीन प्रयत्न. तीनच. जास्त हाव धरली की डिस्क मध्येच दम सोडते. निरोगी डिस्क सेकंदाला १०० एमबी देते, मग १ टीबीला पावणेतीन तास. तुमची ५ एमबीवर आली तर साडेपंचावन्न तास. वीज जाणार हे धरूनच चाला, इन्व्हर्टरवर लावा, आणि गडगडाट सुरू झाला तर कंट्रोल-सी दाबून सरळ थांबवा. मॅप फाइल असली की तीच आज्ञा पुन्हा देऊन तिथूनच पुढे सुरू होतं. पंखा डिस्कवर येऊ द्या.

एवढं झालं की आजारी डिस्क काढून कपाटात ठेवा. आता एफएससीके चालवायची तुमची हौस भागवता येईल, पण प्रतीच्या प्रतीवर: इमेजची दुसरी कॉपी करून ‘लोसेटअप --फाइंड --पार्टस्कॅन --शो’ ने लावायची, डिस्कचा भाग (पार्टिशन) लूप डिव्हाइस, म्हणजे फाइलमधली खोटी डिस्क, म्हणून दिसतो, त्यावर एफएससीके. बिघडलं तर कॉपी फेकून नवी करा. फाइल सिस्टिमच उभी राहिली नाही तर टेस्टडिस्क, आणि शेवटी फोटोरेक, हे दोन्ही हरवलेलं परत मिळवणारे प्रोग्रॅम. फोटोरेक स्प्रेडशीटही काढतं, पण नावं जातात, साडूचा किस्सा पुन्हा.

जुन्या डिस्कवर स्मार्टची ‘लाँग’ टेस्ट करायचा मोह होईल. ती पूर्ण पृष्ठभाग वाचते, काही तास दमवते. प्रत हातात आल्यावर खुशाल करा, आधी नाही. नवीन बसवाल त्या डिस्कवर ‘स्मार्टडी’ (स्मार्टवर सतत लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम) चालू ठेवा, आणि दरवर्षी शाकारणी, लाकडं भरणं ही आगोटीची कामं करता तेव्हाच हिशेबांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून पाहुण्यांकडे वरच्या गावी ठेवून द्या. मशीनही पडवीतून माजघरात न्या, खारा वारा थोडा तरी कमी लागेल.

पहिली फेरी संपली की मॅप फाइल उघडा. वजा चिन्हाच्या ओळी म्हणजे वाचता न आलेली जागा, चांदणी (*) आणि तिरकी रेघ (/) म्हणजे अजून प्रयत्न बाकी. त्या ओळी आणि १९९ चा नवा आकडा इथे टाका. कुठल्या फायली त्या भोकांत पडल्यात ते कसं शोधायचं, ते बघून सांगतो.