भाव कुणी पाडला?

प्रश्न : घरी सोयाबीन विकून आलं की भांडण ठरलेलं. वडील म्हणतेत तेलाच्या कंपन्यांनी दिल्लीत बसून भाव पाडला, मी म्हणतो असं नसतं, मागणी-पुरवठा असतो. अन् लॉबिंग लॉबिंग म्हणतेत ते म्हणजे पैसे चारणंच ना?
– एक वाचक, ता. चाकूर, जि. लातूर

उत्तर : वडिलांना आधी चहा द्या, ते निम्मे तरी बरोबर आहेत. सप्टेंबर 2024 मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं. आपल्याकडं लोक खुश, आता भाव उठणार म्हणून. तरी खुल्या बाजारात सोयाबीन हमीभावाच्या, म्हणजे क्विंटलला 4892 रुपयांच्या खालीच विकलं, कारण दाण्यात तेल जेमतेम 18 टक्के, बाकी सगळी पेंड, आणि पेंडीला गिऱ्हाईक नव्हतं, इथेनॉलच्या कारखान्यातून मक्या-तांदळाचा स्वस्त चोथा कोंबड्यांच्या खाद्यात आला होता. हे तुमचं मागणी-पुरवठा. मग मे 2025 च्या शेवटी तेच शुल्क 20 वरून 10 वर आलं, पण रिफाइंड तेलाचं तसंच ठेवलं. कच्च्या आणि रिफाइंडच्या शुल्कातलं अंतर वाढवा ही तेल उद्योगाच्या संघटनेची जुनी मागणी, तीही चोरून नाही, उघड पत्रं देऊन, नाहीतर तयार तेलच बाहेरून येतंय, आमच्या रिफायनऱ्या बसतील म्हणून. सरकारला तेल स्वस्त करायचं होतंच, यांचं अंतरही वाढलं. आपलं सोयाबीन या हिशोबात कुठंच नाही.

आणि पैसे चारणं वेगळं हो, त्याला लाच म्हणतात, त्याच्यात केस होते. लॉबिंग म्हणजे भेट, निवेदन, आकड्यांची फाईल आणि महिन्यानं परत भेट. निवेदन आपणबी देतो की! तहसीलदारला देतो, पाच जण फोटोत उभे राहतो, तालुक्याच्या पानावर बातमी येते, झालं. त्यांच्या कागदावर कोणत्या मालावर किती टक्के हे लिहिलेलं असतं, अधिकाऱ्याला फक्त पटायचं बाकी. अमेरिकेत 1995 च्या कायद्यानं हे सगळं नोंदवावं लागतं, कुणी कशासाठी किती खर्च केला ते. म्हणून तर 2012 ला वॉलमार्ट या तिथल्या दुकानांच्या कंपनीच्या भारतातल्या शिरकावासाठी तिकडं लॉबिंग झाल्याचं त्यांच्याच कागदांतून आपल्याला कळलं, संसदेत गोंधळ, मग न्यायमूर्ती मुद्गल यांची चौकशी. आपल्याकडं असा कायदाच नाही, 2013 ला एका खासदारानं खाजगी विधेयक आणलं होतं ते तसंच राहिलं. त्यामुळं कोण कुणाला भेटलं याचा कागद तुमच्या वडिलांनाबी दाखवता येणार नाही अन् मलाबी.

प्रश्न : माझ्या भावाची तंबाखूची पुडी सुटत नाही. म्हणतो, खरंच कॅन्सर होत असता तर सरकारनं विकू दिलं असतं का? काय सांगू त्याला?
– एक ताई, परभणी

उत्तर : ताई, हे भावाचं डोकं नाही, त्याच्या डोक्यात घातलेलं आहे. 4 जानेवारी 1954 ला अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी चारशेहून जास्त पेपरांत एकच जाहिरात दिली. सिगारेट चांगली आहे असं ठासून सांगण्यापेक्षा शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, पुरावा नाही, आम्ही संशोधनाला पैसे देतो, असा सूर. माणसाला एवढी शंका पुरते, उद्यावर ढकलायला. आपल्याकडंबी तेच. पुडीच्या 85 टक्के जागेवर इशाऱ्याचं चित्र 1 एप्रिल 2015 पासून येणार होतं, तर संसदेच्या समितीनं थांबा म्हटलं, समितीचे अध्यक्ष नगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी म्हणाले की तंबाखूनं कॅन्सर होतो याचा भारतातला अभ्यास नाही, सगळे बाहेरचे. आणि त्याच समितीत एक खासदार स्वतः बिडीच्या धंद्यातले! चित्र यायला एक वर्ष गेलं.

विकू दिलं म्हणता, तर राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. म्हणून पानमसाला मोठ्या पुडीत, तंबाखू वेगळ्या छोट्या पुडीत. टपरीवर बघा, भाऊ दोन्ही दातानं फाडतो, मोठीत छोटी रिकामी करतो, दोन झटके देतो, तोंडात. चित्र छोटीवर असतं. मोठीच्या नावाची जाहिरात टीव्हीवर चालू असते, वेलचीची म्हणून.